नावं सोडून सगळं

मुलगी दारात उभी राहिली, किमायोला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "मॅडम आहेत का?"

किमायोनं वर्तमानपत्र खाली ठेवलं. पोलिसात सार्जंट म्हणून हयात घालवलेला माणूस तो. अंगानं दांडगा, मिशी अजून ताठ, आणि खुर्चीही दाराच्या अगदी समोर. तरी येणारा प्रत्येक जण हेच विचारायचा.

केनियातल्या नाकुरू शहरात मॅडम म्हटलं की मोरा न्याबेरी. ही मोरा एके काळी त्याच्याच हाताखाली शिपाई होती आणि पंचनामा कसा लिहायचा हे तिला त्यानंच शिकवलं होतं, ही गोष्ट मात्र कुणाच्या गावीही नव्हती. पुढे तिनं नोकरी सोडून खासगी तपासाचं ऑफिस काढलं, नाव कमावलं. तो निवृत्त झाल्यावर "सार्जंट, घरी बसून काय करणार? या माझ्याकडे," म्हणून बोलावूनही घेतलं. तो आला, आणि आल्या दिवसापासून त्याच्या पोटात दुखत होतं.

"मॅडम आहेत," तो म्हणाला. "मीही आहे. बसा."

मुलगी बसली, पण डोळे आतल्या दाराकडेच. मोरा चहाचा कप घेऊन बाहेर आली. ठेंगणी, चष्मेवाली, अंगात जुना स्वेटर. मुलीच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं, तेही किमायोला खुपलं.

"मी म्विकाली न्झिओका," ती म्हणाली. "मी शब्द बदलते."

"ते तर सगळेच बदलतात," किमायो म्हणाला.

"तसं नाही, म्झे." मुलीनं वडीलधाऱ्या माणसाला द्यायचा तो मान दिला, पण सांगू लागली ती मोरालाच. "फोनवरचे खेळ असतात ना, त्यांची माहिती लिहायची. एकच खेळ पुष्कळ ठिकाणी ठेवलेला असतो. सगळीकडे तोच मजकूर असला तर शोधणाऱ्याला तो दिसतच नाही, मागे पडतो. म्हणून कंपनी मूळ इंग्रजी मजकूर आम्हाला देते आणि आम्ही तोच अर्थ दुसऱ्या शब्दांत लिहून देतो. प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा."

"सगळं बदलायचं?"

"नावं सोडून सगळं. खेळाचं नाव, त्यातल्या माणसांची, गावांची नावं, त्यांना हात लावायचा नाही. नवा माणूस आला की आधी हेच शिकवतात. आणि काल माझ्या मजकुरात नावंच बदललेली गेली, मॅडम. मी बदलली नाहीत."

तिनं पिशवीतून एक कागद काढला. खेळाचं नाव होतं 'लॉस्ट लँटर्न'. त्यातल्या नायिकेचं नाव स्टॉर्म, गावाचं सिल्व्हर हिल. कागदाचा वरचा अर्धा भाग स्वच्छ होता. खेळाचं नाव जागच्या जागी, स्टॉर्मही स्टॉर्मच. अर्ध्याच्या खाली मात्र वाताहत होती. सिल्व्हर हिलचं मेटल माउंटन झालं होतं. स्टॉर्म एका ओळीत टेम्पेस्ट झाली होती, तिच्याखाली हरिकेन आणि आणखी खाली सायक्लोन.

किमायोला हसू आलं. "एका बाईच्या तीन बाया केल्या की."

"हसू नका हो," म्विकाली म्हणाली. "कंपनी मला कायमची घेणार होती. पुढच्या खेळाची गोष्ट लिहायला. कुणाचं बदलून नाही, माझी स्वतःची गोष्ट. आता म्हणतात, तू यंत्राकडून काम करून घेतलंस. शब्द बदलायची यंत्रं निघाली आहेत ना, त्यांना नाव काय नि शब्द काय कळत नाही. आज संध्याकाळी त्यांचा फोन येईल. तोवर खुलासा झाला नाही तर माझं गेलंच, वर म्झे नफ्तालींचं अकाउंटही बंद."

"हे नफ्ताली कोण?"

"आमचे मालक. नफ्ताली सिमियू. अकाउंट त्यांच्या नावाचं. काम त्यांच्या नावावर येतं, त्यांच्याच नावावर जातं. लिहिणारे आम्ही तिघं, मी, गथोनी आणि ओकेयो. सेक्शन फिफ्टी-एट वस्तीत एका खोलीत बसतो."

"सगळं त्यांच्या नावावर जात होतं, तर कंपनीला तुझं नाव कळलं कसं?" मोरानं विचारलं.

"म्झे आजारी होते तेव्हा कंपनीच्या प्रश्नांना मी उत्तरं दिली. त्यांनी विचारलं, लिहिता तुम्हीच का? खोटं कशाला बोलू? मग त्यांचं पत्र आलं. म्विकालीला आमच्याकडे पाठवा, ती आल्यापासून या अकाउंटच्या लेखनात जीव आला, आधीचं सगळं बेचव होतं. म्झेंनीच ते मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळ्यात जास्त हसलेही तेच. त्या दिवशी सगळ्यांना चहाबरोबर गरम तळलेले मंदाझी त्यांच्याकडून."

"काल काय झालं ते सांग."

"दुपारी मजकूर पुरा करून सगळे वापरतात त्या फोल्डरमध्ये ठेवला. पाठवायचं काम म्झेंचं. मी आणि गथोनी खाली जेवायला गेलो. गथोनी फोन विसरली म्हणून मध्येच वर जाऊन आली. ओकेयो खोलीतच होता, कानाला हेडफोन लावून फुटबॉल बघत. खाणावळीत घेवडा संपला होता म्हणून आम्ही लवकरच परतलो. म्झे आपल्या टेबलाशी होते. मी विचारलं, गेलं का? म्हणाले, आत्ता जातंय बघ."

मोरानं कप खाली ठेवला. "सार्जंट, कागद-पेन घ्या. प्रत्येकाचा जबाब तुम्ही लिहायचा. वाचायला देऊन सही घ्यायची. तुमच्यासारखा जबाब कुणाला लिहिता येत नाही."

स्तुती गोड होती, पण करणारी कोण? किमायोनं कागद-पेन घेतलं आणि निमूटपणे जिना उतरला.

*

खोली एका औषधाच्या दुकानावर होती. चार टेबलं, एक खिडकी, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. नफ्ताली मोबाईलवर कुणाशी तरी बोलत बाहेरच्या गॅलरीत उभा होता. मोरानं आधी ओकेयोला समोर घेतलं.

ओकेयो उंच, हडकुळा, आणि आधीच घामाघूम झालेला. "मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार," तो म्हणाला. "माझ्याकडे यंत्र आहे, मी मागे त्यात सापडलो होतो. तेव्हा म्विकालीनंच मला वाचवलं. माझं सगळं काम तिनं हातानं परत लिहून दिलं. तिच्या ताटात मी माती कालवीन?"

"ते यंत्र अजून आहे?"

त्यानं लॅपटॉप जवळ ओढला. मग म्हणाला, "आहे. फुकटातलं. कंटाळा आला की..."

"चालवून दाखव. हाच मजकूर घाल."

ओकेयोनं म्विकालीचा मूळ, न बिघडलेला मजकूर यंत्रात टाकला. किमायो त्याच्या खांद्यावरून वाकून पाहू लागला. यंत्रानं पहिल्या ओळीतच 'लॉस्ट लँटर्न'चं 'मिसिंग लॅम्प' केलं. मग खाली सरकत जिथं जिथं स्टॉर्म तिथं तिथं टेम्पेस्ट, टेम्पेस्ट, टेम्पेस्ट. निम्म्यावर आल्यावर थांबलं आणि पुढचं हवं असेल तर पैसे भरा म्हणालं. खालचा अर्धा भाग तसाच राहिला.

"झालं," किमायो मोराच्या कानात म्हणाला. "नावं मोडतं, आणि अर्ध्यावर थांबतं. आणखी काय पाहिजे?"

"जबाब लिहा, सार्जंट," मोरा म्हणाली.

ओकेयोनं जबाब वरून खालपर्यंत ओठ हलवत वाचला आणि सही केली.

गथोनी माचारिया आली ती नखं रंगवलेली, मान ताठ करून. म्विकाली आणि ती एकाच कॉलेजात, एकाच बाकावर होत्या. तिला विचारायचीही गरज पडली नाही.

"जळते का? जळते," ती म्हणाली. "मी तिला इथं आणली. मला आधी काम होतं, तिला नव्हतं. आता तिला नावानिशी पत्र येतं आणि माझ्याकडे म्हणतात, गथोनी, चहाचं बघ जरा. तुम्ही नसता जळला?"

किमायो लिहिता लिहिता थबकला. या मुलीचं बोलणं त्याला पाठ असल्यासारखं वाटलं.

"तू वर आलीस तेव्हा किती वेळ होतीस?" मोरानं विचारलं.

"फोन चार्जिंगला होता, तो काढला, आरशात पाहिलं आणि गेले. ओकेयोनं मान वर केली नाही. म्झे आपल्या कॉम्प्युटरशी होते, त्यांनीही नाही केली."

"आणि तू फोल्डरला हात लावला नाहीस."

"लावला असता तर खेळाचंच नाव मोडलं असतं," गथोनी म्हणाली. "पहिल्या ओळीत असतं ते. उघडल्या उघडल्या तोंडावर आलं असतं. हे कोण खुळं, ज्यानं वरची नावं शिल्लक ठेवली?"

तिनं जबाब झरझर वाचला, एका ठिकाणी 'जळते' शब्दाखाली स्वतःहून रेघ मारली आणि सही ठोकून निघून गेली. किमायोला तिचा राग आला नाही. ही बाई आपल्या जातीची आहे, एवढं त्याला कळलं, आणि म्हणूनच गुन्हा हिनंच केला याबद्दल त्याची खात्री पटली.

नफ्ताली सिमियू आत आला तो थेट किमायोकडे हात पुढे करून. "सार्जंट किमायो ना? तुमच्या काळात नाकुरूत चोर दिवसासुद्धा दारं वाजवायला भीत. बसा, बसा. थर्मासात चहा आहे."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला आधी हात दिला होता. किमायोची छाती फुगली. "मॅडम माझ्याच हाताखाली तयार झालेली," तो जरा मोठ्यानंच म्हणाला.

"असं?" नफ्तालीनं मोराकडे पाहिलं आणि परत किमायोकडे. "मग तर तुमचे उपकार."

मोरा हसली. "आहेतच. म्झे, काल पाठवण्याआधी तुम्ही मजकूर वाचला नाही?"

"मी?" नफ्ताली हसला. "बाई, मी आधी मटाटू चालवत होतो, माणसं कोंबून नेणारी गाडी. मला यातलं ओ की ठो कळत नाही. ही पोरं लिहितात, मी बटण दाबतो. गिऱ्हाईक सांभाळणं, भाडं भरणं, वीज गेली की धावपळ करणं, एवढंच माझं."

"पण अकाउंट तर ही मुलं यायच्या कितीतरी आधीचं आहे. तेव्हाच त्याला चांगला लौकिक होता म्हणतात. लिहायचं कोण?"

"नैरोबीत भाड्यानं पोरं ठेवली होती. गेली आपापल्या वाटेनं." त्यानं हात हवेत उडवला. "बाकी माझंही नुकसानच आहे. अकाउंट बंद पडलं तर मी रस्त्यावर. म्विकालीची दया येते. पण ओकेयोच्या त्या यंत्राबद्दल मी त्याला किती वेळा बजावलं होतं, विचारा त्याला."

किमायोनं जबाब लिहिला आणि पुढे सरकवला. नफ्तालीनं खिशातून चष्मा काढला, बोट कागदाच्या शेवटच्या ओळीवर ठेवलं आणि वाचू लागला. ती संपल्यावर बोट वरच्या ओळीवर गेलं, मग तिच्या वरच्या. मध्येच थांबून त्यानं किमायोचंच पेन घेतलं.

"'पाहिलं', 'पाहिलं' असं लागोपाठ दोनदा आलंय. इथं 'दिसलं' करू या," तो म्हणाला आणि बदलूनही टाकलं. मग बोट पुन्हा वर सरकलं, पहिल्या ओळीपर्यंत. "छान लिहिलंय हो, सार्जंट."

किमायोचे कान तापले. सगळ्या नोकरीत त्याच्या जबाबाला साहेबांनीही हात लावला नव्हता. पण माणूस इतका अदबीचा, की रागावणार कसं? म्हातारपणी काहींना वाचनाची अशी वेडीवाकडी खोड लागते, असं म्हणून त्यानं कागद घडी करून मोराला दिला.

मोरानं ती खोडलेली ओळ बराच वेळ पाहिली. "सार्जंट," ती म्हणाली, "तुमचा हा जबाब मी जपून ठेवणार आहे."

आता ही थट्टा होती की काय, ते त्याला कळेना.

*

गॅलरीत आल्यावर किमायोनं तिला अडवलं. आज तरी आपण आधी बोलायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

"गथोनी," तो म्हणाला. "वर आली, ओकेयोकडे आहे तसलंच यंत्र चालवलं, अर्ध्यावर बंद पडलं, तेच फोल्डरमध्ये टाकलं. आळही ओकेयोवर, काटाही निघाला. मत्सर, मोरा. मी ओळखतो तो. तुला नाही कळायचा."

"मत्सर आहे, हे तुम्ही बरोबर ओळखलंत," मोरा म्हणाली. "मला तो इतक्या लवकर दिसला नव्हता. चला, सगळ्यांना आत बसवा."

किमायो खूश झाला. मग लक्षात आलं की तिनं नाव काही उच्चारलं नाही, आणि त्याचा आनंद मावळला.

चौघं आपापल्या टेबलाशी बसले. म्विकाली सारखी फोनकडे बघत होती. मोरा खिडकीपाशी उभी राहिली.

"आधी यंत्राचं संपवू," ती म्हणाली. "कंपनी म्हणते यंत्रानं केलं. सगळ्यांनाच तसं वाटावं, अशीच मांडणी होती. पण ओकेयोच्या यंत्रानं आत्ता काय केलं? स्टॉर्मला सगळीकडे टेम्पेस्ट. त्याला एक शब्द सापडला की तो तेवढाच. कालच्या मजकुरात मात्र टेम्पेस्ट, मग हरिकेन, मग सायक्लोन. एकदा वापरलेला शब्द परत नाही वापरलेला. असं कोण करतं, म्विकाली?"

"आम्ही करतो," म्विकाली हळू आवाजात म्हणाली. "तोच शब्द परत आला की हात आपोआप दुसरा शोधतो."

"म्हणजे यंत्राचं सोंग माणसानं घेतलं. आणि माणूस या धंद्यात मुरलेला. वाईट लिहायचं ठरवूनसुद्धा त्याला ते जमलं नाही. गचाळ काम करायला बसला आणि त्यातही शब्दांची निवड करत राहिला."

गथोनी फुसकन हसली. ओकेयोनं डोळे मिटून श्वास सोडला.

"आता दुसरं. यंत्र वरून खाली जातं आणि खालचं सोडून देतं. कालच्या मजकुरात खालचं मोडलंय आणि वरचं शाबूत आहे. गथोनीनं मघाशी विचारलं, वरची नावं शिल्लक ठेवणारं खुळं कोण? खुळं नव्हे. त्याचा हात तिथवर पोचलाच नाही. कारण तो खालून वर येत होता."

 किमायोच्या डोळ्यांपुढे एक बोट एकेक ओळ वर चढू लागलं.

"काही जुने लोक असंच काम करतात," मोरा बोलत होती. "शेवटची ओळ आधी. वरून सुरुवात केली की मूळ लेखकाच्या ओघात माणूस वाहून जातो, त्याचेच शब्द कागदावर उतरतात. खालून आलं की प्रत्येक वाक्य सुटं दिसतं. बरोबर ना, म्झे?"

नफ्ताली चष्मा पुसत होता. "मला काय माहीत?"

"आज तीन माणसांनी सार्जंटचा जबाब वाचला. दोघांनी वरून खाली. तुम्ही खालून वर. आणि लागोपाठ आलेला शब्द तुम्हाला सहन झाला नाही, लगेच बदललात. मटाटू चालवून ही सवय लागत नाही. नैरोबीत भाड्याची पोरं नव्हतीच. या अकाउंटचा लौकिक तुम्हीच लिहून मिळवला."

"खोलीत ओकेयोही होता," नफ्ताली म्हणाला.

"ओकेयो वरून खाली वाचतो. त्यानं केलं असतं तर पहिल्या ओळीपासून मोडलं असतं. गथोनी आली तेव्हाही तुम्ही मान वर केली नाहीत, कामात होतात. तुम्हाला वाटलं, जेवण आटपेपर्यंत सवड आहे. पण खाणावळीत घेवडा संपला होता. म्विकाली दारात उभी राहून म्हणाली, गेलं का? आता काम चालू ठेवलं तर ती जवळ येऊन पाहणार. तुम्ही आहे त्या स्थितीत पाठवून दिलंत आणि म्हणालात, आत्ता जातंय बघ."

"पण अकाउंट त्यांचं," म्विकाली म्हणाली.  "बुडले असते तर तेच आधी बुडले असते. का करतील ते?"

 याचं उत्तर किमायोला ठाऊक होतं.

नफ्तालीनं चष्मा टेबलावर ठेवला. बोलला तेव्हा आवाजात मघाची अदब नव्हती.

"आधीचं सगळं बेचव होतं," तो म्हणाला. "मला वाचून दाखवायला लागलं. मीच वाचलं, मीच हसलो, मंदाझीही मीच आणवले. आधीचं म्हणजे कोणाचं? माझं. मालक स्वतः लिहितो म्हटलं की पोरं बरोबरीचा समजतात, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. ही आली आणि हळूहळू माझं लेखन परत यायला लागलं. कंपनीवाले माझ्याच अकाउंटवर, माझ्याच नावानं लिहायचे, हल्ली लिहिता तसं लिहा. हल्ली म्हणजे ही. मग मी लिहायचं सोडलं. सोडलं तरी पोटातली आग थोडीच जाते?"

"म्हणून तिचं आयुष्य जाळायचं?" गथोनी म्हणाली. "मी पण जळले, म्झे. मी तोंडावर जळले."

नफ्तालीनं तिच्याकडे पाहिलंही नाही. तो किमायोकडे वळला. "सार्जंट, यांना नाही कळायचं. तुम्हाला कळेल. ही तुमच्या हाताखालची. आता लोक हिचं नाव घेत येतात आणि तुम्ही हिचे जबाब लिहिता. खरं सांगा. तुम्हाला नाही वाटत कधी?"

खोलीत सगळे किमायोकडे बघत होते. मोरा तेवढी खिडकीबाहेर बघत होती, आणि मुद्दामच बघत होती. नाही म्हणणं सोपं होतं. तोंड त्यासाठी उघडलंही होतं.

"वाटतं," किमायो म्हणाला. "रोज वाटतं."

मोरा वळली नाही. तिनं स्वेटरची बाही फक्त खाली ओढली.

"पण वाटणं माझं आहे," किमायो म्हणाला. "ते मी तिच्या कामात कालवलं नाही. तुम्ही कालवलंत. म्झे, फोन येईल तेव्हा तुम्हीच उचलायचा. अकाउंट तुमच्या नावाचं आहे."

फोन आला तेव्हा खिडकीतलं ऊन समोरच्या गच्चीवर गेलं होतं. नफ्तालीनं तो उचलला. किमायो त्याच्या बाजूलाच उभा राहिला, पण काही करायची वेळ आली नाही. नफ्ताली इंग्रजीत सावकाश, एकही शब्द न अडखळता बोलला. नावं मी बदलली, यंत्रानं नाही. लिहिणारी निर्दोष आहे. तिचं नाव म्विकाली न्झिओका. मग त्यानं ते नाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, आणि फोन तिच्यापुढे धरला.

म्विकाली तो घेऊन गॅलरीत गेली. आतून तिची पाठ दिसत होती. बऱ्याच वेळानं ती परत आली तेव्हा डोळे ओले होते, पण मान वर होती.

"घेतलं," ती गथोनीला म्हणाली. गथोनीनं तिला मिठी मारली, आणि मिठीत असतानाच म्हणाली, "मेले, अजून जळतेच आहे मी."

ओकेयोनं म्विकालीचा लॅपटॉप बंद करून पिशवीत भरून दिला. म्विकाली पिशवी खांद्याला अडकवून नफ्तालीच्या टेबलासमोर उभी राहिली. नफ्तालीनं मान खाली घातली. शिव्या ऐकायची तयारी केलेला माणूस बसतो तसा तो बसला होता.

"म्झे, ते बेचव नव्हतं," ती म्हणाली. "इथं यायच्या आधी माझ्याकडे काम नव्हतं. मी तुमच्या अकाउंटवरचं जुनं लेखन उतरवून काढायची. तेच वाचून शिकले मी. गथोनीला म्हटलं होतं, मला तिथंच घेऊन चल, हे लिहिणारा माणूस तिथं असेल. आल्यावर तुम्ही म्हणालात, भाड्याची पोरं होती."

नफ्तालीनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर आता ना लाज होती ना राग. फक्त भूक होती.

"कुठलं?" त्यानं विचारलं. "कुठलं वाचलं होतंस गं?"

म्विकालीनं त्याच्याकडे पाहिलं. ती सांगेल असं किमायोला वाटलं, ओठ हललेही.

"आता नाही सांगणार," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

तिच्यामागे गथोनी आणि ओकेयो गेले. मोरानं दार ओढून घेतलं, पण ते नीट लागलं नाही. अर्ध्या जिन्यावर किमायो थांबला, आणि त्याच्या खांद्याशी मोराही थांबली. वरून नफ्तालीचा आवाज येत होता. तो एकेका जुन्या खेळाचं नाव घेत होता, हे होतं का, की ते होतं, आणि प्रत्येक नावानंतर थोडा थांबत होता. खोलीत उत्तर द्यायला कुणी उरलं नव्हतं.